नळीच्या तोंडाला टवका उडाला आणि ग्रुप पसरला: क्राऊन दुरुस्तीबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा. पॉइंट बावीसचं (.22 कॅलिबरचं) टार्गेट पिस्तूल साफसफाई करताना टेबलावरून पडलं, तेही नेमकं नळीच्या तोंडावर. तोंडाच्या कडेला बारीक टवका दिसतो. आधी 25 मीटरवर टेकू घेऊन मारलेल्या 10 गोळ्या 4 सेंटिमीटरच्या आत बसायच्या, आता त्याच 10 सेंटिमीटरपर्यंत पसरतात. (टार्गेटवरच्या छिद्रांच्या या पुंजक्यालाच ग्रुप म्हणतात.) नळी बदलावी लागेल का? की बारीक कानस फिरवून कड सारखी केली तर भागेल?

नळी बहुतेक करून बदलावी लागणार नाही. कानस मात्र कृपा करून लावू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खराब तोंडांपैकी कितीतरी तोंडं पडून नव्हे, तर पडल्यानंतर घरी केलेल्या कानसकामाने बिघडलेली असतात. कारण समजलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून आधी कारण सांगतो.

नळीच्या आत पिळाने जाणाऱ्या खाचा असतात आणि त्यांच्यामध्ये उंचवटे. गोळी त्यात घट्ट बसून फिरत पुढे येते. या खाचा-उंचवटे जिथे संपतात ती शेवटची कड म्हणजे क्राऊन. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. गोळीचं बूड त्या कडेवरून सुटतं त्या क्षणी मागे शेकडो बार दाबाचा वायू कोंडलेला असतो आणि तो गोळीपेक्षा जास्त वेगाने बाहेर झेपावतो. कड चहूबाजूंनी सारखी असेल तर वायू बुडाच्या सगळ्या अंगांनी एकाच वेळी सुटतो, गोळीला धक्का सारखा बसतो आणि ती सरळ जाते. एका बाजूला टवका असेल तर तिथून वायू किंचित आधी निसटतो. बुडाला एका अंगाने ढुसणी बसते आणि गोळी नाक डोलवत निघते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण तो करत नाहीत. धातू गेलेला असणं आणि धातू आत आलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या अंगाला टवका उडालाय पण आतली कड शाबूत आहे, तर नेमावर काहीच परिणाम होत नाही, तो फक्त दिसायला वाईट. आतल्या कडेचा थोडा धातू गेला असेल तर प्रत्येक गोळीला ढुसणी साधारण एकाच दिशेने बसते. माझ्या अनुभवात अशा वेळी ग्रुप जितका पसरतो त्यापेक्षा जास्त तो जागा बदलतो. पण आपटल्यामुळे धातू आत वळला असेल, म्हणजे कडेवर बर (धातूची बारीक धारदार कोर) आली असेल, तर ती प्रत्येक गोळीला ओरखडते. पॉइंट बावीसचं शिसं मऊ असतं, ते त्या बरेवर थोडं थोडं चिकटतं, मध्येच निघून जातं, पुन्हा चिकटतं. प्रत्येक गोळीसाठी कड वेगळी होते. तुमचा 4 सेंटिमीटरचा ग्रुप 10 वर गेलाय, म्हणजे मला हीच शंका जास्त वाटते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलीमीटर व्यासाचं असतं आणि नऊचं 100 मिलीमीटर. जे पिस्तूल सगळ्या गोळ्या दहात ठेवत होतं ते आता नऊची कड गाठतंय. ही नेमबाजाच्या हाताची चूक समजून महिनोन्महिने सराव करत राहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरीही दोष क्राऊनचाच आहे हे आधी सिद्ध करा. एकदा एक रिव्हॉल्व्हर क्राऊनची तक्रार घेऊन माझ्याकडे आलं होतं. तोंडावर ओरखडाही होता, त्यामुळे मालकाची खात्री पटलेली. मी नळीतून प्रकाश टाकून मागून पाहिलं तर नळीच्या सुरुवातीचा निमुळता भाग शिशाने भरलेला. ते साफ केलं आणि ग्रुप परत जागेवर आला. तोंडाला मी हातही लावला नाही. म्हणून क्रमाने जा. दर्शनी (नेम धरायची खूण) ढिली झालीय का? पडलेल्या पिस्तुलात पहिला संशय तिच्यावर घ्यायचा. नळी आपल्या जागी घट्ट बसते का, की बोटाने हलते? सेमी-ऑटोमध्ये प्रत्येक गोळीनंतर नळी आणि स्लाइड पुन्हा त्याच जागी बसायला हवीत, नाहीतर उत्तम क्राऊनही काही करू शकत नाही. गोळ्या त्याच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या आहेत का? पॉइंट बावीसमध्ये लॉट बदलला तरी ग्रुप बदलतो. नळीत शिसं साचलंय का? हे सगळं ठीक असेल तर तोंडाकडे वळा.

तपासणीला भिंग हवं, 10 पट मोठं दाखवणारं पुरे. आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते तो कप्पा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामा असल्याचं पाहा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सुटी होत असेल तर काढूनच घ्या. मग तोंड स्वच्छ पुसा आणि दिवा तिरका धरा. प्रकाश समोरून पडला तर बर दिसतच नाही. नळी बोटांत हळूहळू फिरवत राहा. निरोगी कडेवर प्रकाशाची बारीक रेघ सलग फिरते. दुखावलेल्या जागी ती रेघ तुटते किंवा चमकून उडी मारते.

आता कान साफ करायची कापसाची काडी घ्या. ती तोंडातून एक सेंटिमीटरभर आत घाला आणि कडेला टेकवून आतून बाहेर ओढा. घड्याळाच्या काट्यासारखं एकेक जागा धरून सगळीकडे हे करा. बर असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो आणि कडेवर पांढरं कुसळ लटकत राहतं. भिंगाला न दिसलेली बर मला या काडीने अनेकदा दाखवली आहे. तुमच्या टवक्याच्या जागी कुसळ अडकलं तर रोग सापडला.

तिसरा पुरावा नळी स्वतःच देते. साफ केलेल्या नळीतून पंधरा-वीस गोळ्या मारा आणि मग तोंडाकडे पाहा. शिशाच्या, वंगण लावलेल्या गोळ्यांमुळे तोंडाभोवती काजळीची चांदणी उमटते. प्रत्येक खाचेसमोर एक पाकळी. सगळ्या पाकळ्या सारख्या लांबीच्या असतील तर क्राऊनवर संशय घेऊ नका. एक पाकळी लांब पसरलेली, शेजारची खुरटलेली असेल तर वायू तिथून वाकडा सुटतोय.

आता दुरुस्ती. त्याआधी एक स्पष्ट सांगायला हवं. शस्त्राच्या नळीवर काम कोणी करायचं यावर पुष्कळ देशांत कायद्याची बंधनं आहेत, अनेक ठिकाणी ते परवानाधारक कारागिरानेच करावं लागतं, आणि नळीची लांबी कमी करणं हा तर वेगळाच गुन्हा ठरू शकतो. तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी पाहा. पुढचं वाचून तुम्ही स्वतः हत्यार उचलावं असा माझा आग्रह नाही. कारागिराकडे गेलात तर त्याला काय विचारायचं आणि काम परत घेताना काय पाहायचं, एवढं कळलं तरी खूप झालं.

सगळ्या पद्धतींमागचा नियम एकच आहे. नवी कड नळीच्या भोकाशी समकेंद्री हवी आणि भोकाच्या अक्षाला काटकोनात हवी. नळीच्या बाहेरच्या अंगाशी तिचा काही संबंध नाही. पुष्कळ नळ्यांमध्ये भोक बाहेरच्या गोलाच्या अगदी मध्यावर नसतंच, थोडं सरकलेलं असतं. बाहेरचं अंग धरून काम केलं की कड दिसायला देखणी होते, पण भोकाच्या एका बाजूला जास्त कापली जाते. कानस इथेच घात करते. हाताने धरलेली कानस कितीही जपून फिरवली तरी काटकोन राखत नाही, शिवाय ती बर आतच ढकलते. साधं ड्रिल बिट किंवा मार्गदर्शक पिन नसलेलं काउंटरसिंक लावणंही तसंच. ते थरथरतं, कडेवर लाटांसारख्या खुणा उमटवतं आणि टवका असलेल्या बाजूला सरकतं.

छोट्या टवक्याला आणि बरेला मी लॅपिंग करतो, म्हणजे बारीक कणांची पेस्ट लावून कड घासून सारखी करतो. पितळेचा गोल डोक्याचा स्क्रू घ्यायचा. पॉइंट बावीसचं भोक साधारण साडेपाच मिलीमीटरचं, त्याला 9 ते 10 मिलीमीटरचं डोकं बरोबर बसतं. डोक्यावरची चीर भरून किंवा घासून सपाट करायची, नाहीतर ती कडेवर ठोके देत राहते. नळी व्हाइसमध्ये मऊ जबड्यात धरायची, चामडं किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावून, आणि जेवढी लागेल तेवढीच आवळायची. भोकात तोंडापासून दोन सेंटिमीटर आत ग्रीस लावलेला चिंधीचा घट्ट बोळा बसवायचा. हे विसरलात तर पेस्टमधले कण नळीत उतरतात आणि तुम्ही तोंड वाचवून नळी घालवता.

स्क्रूच्या डोक्यावर 400 ग्रिटची (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) लॅपिंग पेस्ट बोटाच्या टोकाने पातळ लावायची. हाताने फिरवायचं ड्रिल सगळ्यात चांगलं, विजेचं असेल तर अगदी मंद. आणि ड्रिल स्थिर धरायचं नाही! फिरत असतानाच त्याची मागची बाजू हवेत लहान वर्तुळं काढत राहिली पाहिजे, कधी या दिशेने, कधी त्या. गोल चेंडू गोल भोकावर ठेवला की तो सगळीकडून सारखा टेकतो, ड्रिल थोडं कललं तरीही. या पद्धतीचं सगळं मर्म एवढ्यात आहे. ड्रिल एकाच कोनात धरून ठेवलं तर स्क्रूच्या डोक्यावर खाच पडते, मग तो चेंडू राहत नाही.

वीस-तीस सेकंद फिरवलं की थांबायचं. पुसायचं, भिंग लावायचं. पहिल्या फेरीनंतर कडेवर चमकदार कडं दिसायला लागतं, पण ते सलग नसतं. टवक्याच्या जागी ते तुटलेलं असतं, तिथे जुना काळपट धातू तसाच राहिलेला दिसतो. पुन्हा पेस्ट, पुन्हा वीस सेकंद. ती तुटलेली जागा प्रत्येक फेरीत थोडी थोडी आकसते. एका क्षणी चमक प्रत्येक उंचवट्यावर आणि प्रत्येक खाचेच्या तळाशीही पोहोचते आणि कडं जुळतं. तिथेच थांबायचं. अजून थोडं छान दिसावं म्हणून पुढे जाऊ नका. 600 किंवा 800 ग्रिटने एक शेवटचा हलका हात फिरवला की झालं. अर्धा मिलीमीटर रुंदीचं कडं भरपूर आहे, रुंद कड जास्त अचूक असते असं काही नाही.

मग तोंड पुसून बोळा मागून पुढे, म्हणजे चेंबरकडून तोंडाकडे ढकलून बाहेर काढायचा, उलटा नाही. त्यामागोमाग स्वच्छ चिंध्या, त्याही त्याच दिशेने, पांढऱ्या बाहेर येईपर्यंत.

लॅपिंगची मर्यादाही सांगतो. चेंडू आहे त्याच कडेवर टेकतो. टवका आणि बर तो घालवतो, पण तोंडच तिरकं झालं असेल तर तो तिरकेपणा जसाच्या तसा राहतो. टवका खोल असेल, म्हणजे भिंगाने पाहताना तो खाचेच्या तळाच्या पुढे नळीत उतरलेला दिसत असेल, तरी लॅपिंगच्या मागे लागू नका. तिथे कटर लागतो.

क्राऊनच्या कटरला पितळेची किंवा स्टीलची मार्गदर्शक पिन असते, तिला पायलट म्हणतात. ती भोकात शिरते आणि कटरला अक्षावर धरून ठेवते. आधी 90 अंशाच्या कटरने तोंड सपाट करायचं, मग कोनाच्या कटरने कड. पायलट भोकात तेल लावून सरकेल पण हलणार नाही, इतका नेमका हवा. फरक मिलीमीटरच्या एक-दोन शतांशांचा. हे मी चुकून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका नळीवर थोडा सैल पायलट चालवून घेतला, चालेल म्हणून. कटर थरथरला आणि कडेवर चारी बाजूंनी लाटा उठल्या. ती नळी लेथवर नेऊन पुन्हा सपाट करावी लागली आणि मालकाच्या नळीचा जो धातू जायचं कारण नव्हतं तो गेला. तेव्हापासून पायलट मोजल्याशिवाय मी कटर टेकवत नाही. कटर नेहमी कापायच्या दिशेनेच फिरवायचा, कटिंग ऑइल सढळ हाताने घालायचं, दाब सारखा ठेवायचा, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत दाब जवळजवळ काढून घ्यायचा.

कोनाबद्दल नेहमी विचारतात, म्हणून. 45 अंशाची कड चालते, 11 अंशाची चालते, गोल आणि आत खोल बसवलेली कडही चालते. 11 अंशाला टार्गेट क्राऊन म्हणतात. बाजारात त्याचा कटर 79 अंशाचा म्हणून मिळतो. तो आकडा नळीच्या अक्षापासून मोजलेला असतो आणि 11 तोंडाच्या सपाटीपासून, गोंधळू नका. पण कोनात जादू नाही. कड समकेंद्री, काटकोनात आणि बरेशिवाय असेल तर कुठलाही कोन उत्तम. पिस्तुलासाठी माझी पसंती आत बसवलेल्या क्राऊनला आहे, कारण पुन्हा पडलं तर मार बाहेरच्या कडेवर बसतो.

सगळ्यात खात्रीचं काम लेथवर होतं. नळी चार जबड्यांच्या चकमध्ये धरायची आणि भोकात नेमकी बसणारी पिन घालून डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) त्या पिनवर लावायचा. रन-आऊट, म्हणजे फिरताना होणारं डोलणं, मिलीमीटरच्या एक शतांशाच्या आत येईपर्यंत जबडे सरकवत राहायचं. यातच अर्धा तास जातो, कापायला पाच मिनिटंही लागत नाहीत. टूल भोकाकडून बाहेर चालवायचं, म्हणजे बर भोकाबाहेर ढकलली जाते. काम देताना कारागिराला एवढंच विचारा: डायल कशावर लावणार? उत्तर 'नळीच्या बाहेरून' असं आलं तर नळी परत घ्या.

दोन प्रकारच्या नळ्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. नायट्राइड केलेल्या, म्हणजे पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया केलेल्या, नळीचा वरचा पातळ थर इतका कडक असतो की साध्या हायस्पीड स्टीलचा कटर त्यावर घसरतो आणि बोथट होतो, तिथे कार्बाइड लागतं. आतून क्रोम केलेल्या नळीत कटर चुकला तर क्रोमचा पापुद्रा कडेवरच सुटतो. दोन्हींत कापलेल्या जागी उघडं स्टील राहतं, ते तेल लावून जपावं लागतं. ब्लूइंग केलेल्या (गंजू नये म्हणून काळपट-निळी केलेल्या) साध्या नळीला कोल्ड ब्लू, म्हणजे तसाच रंग आणणारं द्रावण, लावता येतं.

नळी पडली नसेल आणि तरी तोंड खराब असेल, तर बहुधा ते साफसफाईच्या सळईने झिजलेलं असतं. वर्षानुवर्षं तोंडातून सळई घातली की ती एकाच बाजूला घासते आणि शेवटचे काही मिलीमीटर तुतारीसारखे फाकतात. शिशाचा नेमका बसणारा गोळा चेंबरकडून ढकलला तर तो सगळीकडे घट्ट जातो आणि तोंडापाशी एकदम सैल पडतो. अशा नळीला लॅपिंग करून काही उपयोग नाही, झिजलेला भागच जायला हवा. बाहेरची लांबी तशीच ठेवून आतून तेवढ्या भागाचं भोक मोठं करतात आणि नवी कड आत तयार करतात. मोसिन-नागांत या जुन्या रशियन रायफलींची झिजलेली तोंडं शस्त्रागारांत अशीच दुरुस्त केलेली आढळतात. पिस्तुलात आधीच नळी लहान, त्यामुळे हे काम अगदी लागेल तेवढंच करावं.

काम झालं की लगेच निकाल लावू नका. पेस्टचा कण राहिला नाही याची खात्री करा, काडीची परीक्षा पुन्हा घ्या. पॉइंट बावीसची नळी स्वच्छ केल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या ती स्थिरावत असते, त्या मोजू नका. मग त्याच टेकूवरून, त्याच अंतरावर, त्याच लॉटच्या गोळ्यांनी 10-10 चे तीन ग्रुप मारा. एका चांगल्या ग्रुपवर विश्वास ठेवायचा नाही, तो नशिबानेही बसतो. ग्रुपचा मध्य थोडा सरकलेला दिसला तर घाबरू नका, नव्या कडेबरोबर ते होतंच. दर्शनी सरकवून झिरो, म्हणजे नेम आणि गोळी लागायची जागा यांचा मेळ, पुन्हा बांधून घ्या.

आणि इथून पुढे जमेल तिथे नळी चेंबरकडूनच साफ करा. रिव्हॉल्व्हर आणि नळी न निघणारी पिस्तुलं यांना ते शक्य नसतं, त्यांच्यासाठी तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची बुश मिळते, सळई तिच्यातून घाला. ओढायची दोरी वापरत असाल तर ती सरळ अक्षात ओढा. तिरकी ओढलेली दोरी नेहमी कडेच्या एकाच जागी घासते, आणि वाळूचे कण बसलेली दोरी कानसेइतकीच घातक असते.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, लॅपिंगने काम होईल. आधी काडी फिरवून पाहा. कुसळ कुठे अडकतं आणि भिंगातून टवका खाचेच्या तळापर्यंत गेलेला दिसतो की नाही, एवढं कळवलंत तर लॅपिंग की लेथ, ते नेमकं सांगतो.